पैशाची परीटघडी

फ्रेंच वृत्तपत्रात एखादा मंत्री 'ब्लांशी' झाल्याचं वाचलं, तर लगेच त्याच्याविषयी वाईट मत करून घेऊ नये. 'ब्लांशीर' म्हणजे पांढरं करणं, पांढरं होणं. भिंतीला चुना दिला की भिंत ब्लांशी होते. उतारवयात केस ब्लांशी होतात. न्यायालयाने आरोपातून मोकळा केलेला माणूस ब्लांशी होतो. आणि अमली पदार्थ विकून मिळवलेली रक्कम चार कंपन्यांतून फिरून एखाद्या हॉटेलाच्या गल्ल्यात जमा झाली, की तीही ब्लांशीच. निर्दोष सुटलेला पुढारी आणि जिरवलेला काळा पैसा या दोघांना एकच क्रियापद लावणारी भाषा खोडकर म्हणायची की स्पष्टवक्ती, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याकडे पहिल्या प्रकाराला 'क्लीन चिट' म्हणतात. त्यातली 'चिट' इथल्याच चिठ्ठीची. इंग्रजांनी ती उचलली आणि पुढे आपण ती त्यांच्याकडून परत घेतली.

हे सगळं आठवण्याचं कारण एक फ्रेंच संज्ञा: 'पेर्सोन पोलितिकमाँ एक्स्पोझे', शब्दशः 'राजकीयदृष्ट्या उघडी व्यक्ती'. अवैध पैसा पांढरा करण्याला आळा घालणाऱ्या फ्रेंच कायद्यात ही व्यक्ती कोण, हे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुनःपुन्हा बदललं आहे आणि 2027 मध्ये पुन्हा बदलणार आहे. कायद्याच्या भाष्यकारांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मला मात्र त्यातले शब्द कायद्यापेक्षा जास्त बोलके वाटतात. त्या तीन शब्दांतला एक अगदी नेमका आहे, एक विनोदी आहे आणि एक चक्क चुकीचा आहे.

आधी पांढऱ्याची गोष्ट. इंग्रजीतलं 'लाँडरिंग' हे मुळात फ्रेंचांचंच देणं. लॅटिन 'लावारे', म्हणजे धुणे, यावरून जुन्या फ्रेंचमध्ये कपडे धुणाऱ्याला 'लाव्हांदिए' म्हणत. तोच शब्द खाडी ओलांडून झिजत झिजत 'लाँडर' झाला. अल कपोनच्या धुलाई दुकानांमुळे हा वाक्प्रचार जन्मला, अशी एक कथा फार लोकप्रिय आहे. कथा छान आहे, पण शब्दाचा पुरावा तिच्या बाजूने नाही. कपोनला 1931 मध्ये शिक्षा झाली ती करचुकवेगिरीबद्दल, आणि पैशाच्या संदर्भात हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला तो त्यानंतर चाळीस वर्षांनी, वॉटरगेटच्या काळात. निक्सन यांच्या 1972 च्या निवडणुकीसाठी आलेल्या देणग्यांपैकी काही पैसा मेक्सिकोतून फिरवून आणला होता, तेव्हा वार्ताहरांनी तो 'धुतलेला' म्हटला. पुढे ही कल्पना फ्रान्सला परत गेली, पण फ्रेंचांनी धुणं घेतलं नाही, रंग घेतला. त्यांच्या कायद्यात शब्द आहे 'ब्लांशिमाँ', पांढरं करणं. पोर्तुगीज भाषेत तर एकाच भाषेचे दोन देश दोन बाजूंना गेले: लिस्बनमध्ये पैसा पांढरा करतात, ब्राझीलमध्ये धुतात. इटालियनांनी दोन्ही सोडून 'रिचिक्लाज्जो' म्हटलं, म्हणजे पुनर्वापर. हे तर पर्यावरण खात्याच्या पत्रकात शोभावं.

फ्रेंचांनी रंग निवडला त्यामागे एक तयार वाट होती. पैशाला फ्रेंचमध्ये 'आर्जां' म्हणतात आणि आर्जां म्हणजे मुळात चांदी. लॅटिन 'आर्जेंतुम', ग्रीक 'आर्गुरोस', संस्कृत 'रजत' आणि 'अर्जुन' ही सगळी एकाच धातूची अपत्यं; त्या धातूचा अर्थ झळाळणं, शुभ्र असणं. पांडवांतला अर्जुन नावाने पांढरा आहे. म्हणजे 'ब्लांशिमाँ दार्जां' या शब्दसमूहाचा मुळापर्यंत जाऊन अर्थ लावला तर तो होतो 'पांढऱ्याला पांढरं करणं'. आणि गंमत अशी की हे काम खरोखर होत असे. जुन्या फ्रेंच टाकसाळींत शिक्का मारण्याआधी चांदीच्या चकत्या आम्लाच्या पाण्यात टाकून उजळत. त्या कामाला 'ब्लांशिमाँ'च म्हणत. चांदीत तांबं मिसळलेलं असे, वरचं तांबं निघून जाई, आणि आतून भेसळीची असलेली चकती बाहेरून निखळ रुप्याची दिसे. आजच्या गुन्ह्याची याहून चांगली व्याख्या दंडसंहितेलाही जमलेली नाही.

त्याच्याही मागे गेलं की रोम लागतं, आणि तिथे पांढरा रंग, पैसा आणि राजकारण ही तिन्ही एकाच घाटावर भेटतात. रोमचे परीट लोकरी वस्त्रं धुण्यासाठी लोकांचं मूत्र गोळा करत, कारण त्यातल्या अमोनियाने मळ सुटतो. सम्राट व्हेस्पासियनने त्या मूत्रावर कर बसवला. मुलगा टायटस नाक मुरडू लागला, तेव्हा बापाने त्या करातलं नाणं त्याच्या नाकापुढे धरून वास येतो का ते विचारलं, अशी हकीगत सुएटोनियसने नोंदवली आहे. 'पैशाला वास नसतो' ही म्हण फ्रेंच अजून वापरतात. पॅरिसच्या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकात ज्या सार्वजनिक मुताऱ्या उभ्या राहिल्या, त्यांनाही 'व्हेस्पाझिएन' हेच नाव पडलं. सम्राटांची स्मारकं नाना प्रकारची असतात.

निवडणुकीला उभा राहणारा रोमन माणूस आपला अंगरखा खडूच्या भुकटीने पांढराशुभ्र करून चौकात फिरे. शुभ्रवस्त्रधारी म्हणून तो 'कँडिडाटुस'. त्यावरूनच इंग्रजीतला 'कँडिडेट' आला. पुढाऱ्याने परीटघडीचे कपडे घालून मतं मागायची ही रीत खादीपेक्षा किती जुनी आहे पाहा. तिच्यावरची बंदीही तितकीच जुनी. इ.स.पू. 432 मध्ये उमेदवारीसाठी वस्त्राला पांढरा रंग लावू नये असा कायदा रोममध्ये मांडला गेल्याचं लिव्हीने लिहिलं आहे. राजकारणी माणसाने पांढरं करण्यावर घातलेली ही बहुधा पहिलीच बंदी, आणि ती कपड्यांवर होती. कायदा टिकला नाही. उमेदवाराचं नाव मात्र कायमचं पांढरं राहिलं.

मराठीत पांढऱ्याशी आपलं नातं याहून वेगळं आहे. गावाच्या जुन्या कागदांत 'काळी' आणि 'पांढरी' या दोन जमिनी येतात. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. काळीत राबायचं आणि पांढरीत राहायचं. या जोडीत काळी कमी प्रतीची नाही. उलट ती आई आहे. 'काळा पैसा' हा प्रयोग या मातीतला नव्हे, तो काळ्या बाजाराबरोबर बाहेरून आला. आपल्याकडे पैशाच्या लबाडीला रंगापेक्षा पाणी जास्त लागतं. दुसऱ्याच्या भानगडीत स्वतःचा लाभ करून घेणारा 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो', आणि पकडला गेला की 'मी धुतल्या तांदळासारखा आहे' म्हणतो. दोन्ही वेळा धुण्याचंच काम. तरीही 'मनी लाँडरिंग'ला मराठी शब्द करायची वेळ आली तेव्हा आपण एकतर इंग्रजीच ठेवला, नाहीतर हिंदीतून 'धनशोधन' आणला. संस्कृतात शोधन म्हणजे शुद्ध करणं, फेडणं. त्यामुळे हिंदीत तो चालून जातो. मराठीत 'शोधणे' म्हणजे हुडकणं. आपल्या वाचकाला धनशोधन ऐकून पडक्या वाड्यात कुदळ घेऊन निघालेला माणूस दिसतो. काही वृत्तपत्रं 'आर्थिक अफरातफर' लिहितात, ते तर सरळच चुकीचं आहे. अफरातफर हा आधीचा गुन्हा. पैसा लांबवला ती अफरातफर. लांबवलेल्या पैशाला साळसूद चेहरा दिला तो हा दुसरा गुन्हा. फ्रेंच कायद्यात हे दोन वेगळे गुन्हे आहेत.

त्या कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. 1987 अखेरच्या कायद्याने फक्त अमली पदार्थांच्या पैशापुरता हा गुन्हा ठरवला. 1989 च्या जुलैत सात बड्या देशांची शिखर परिषद पॅरिसमध्ये झाली आणि तिथे एक आंतरराष्ट्रीय कृती गट स्थापन झाला. जग त्याला एफएटीएफ म्हणतं, फ्रेंच 'गाफी' म्हणतात, आणि त्याचं कार्यालय आजही पॅरिसलाच आहे. 1990 मध्ये फ्रेंच अर्थखात्यात 'ट्रॅकफिन' हा आर्थिक गुप्तवार्ता विभाग आला. 13 मे 1996 च्या कायद्याने कोणत्याही मोठ्या गुन्ह्यातून आलेला पैसा पांढरा करणं हा स्वतंत्र अपराध झाला. त्याची आजची शिक्षा पाच वर्षं कैद आणि 3,75,000 युरो दंड.

आता त्या तीन शब्दांकडे. 'पेर्सोन' हा विनोदी शब्द. लॅटिन 'पेर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा. त्यावरून पात्र, त्यावरून व्यक्ती. पण फ्रेंचमध्ये हा शब्द नकारार्थी क्रियापदाबरोबर शतकानुशतकं नांदला आणि त्या संगतीने त्याचा अर्थच उलटला. आज 'दारात कोण आहे?' या प्रश्नाला नुसतं 'पेर्सोन' असं उत्तर आलं, तर अर्थ होतो 'कोणी नाही'.

'राजकीयदृष्ट्या उघडी व्यक्ती' हे नाव बँकांच्या व्यवहारात रुळलं त्यामागे हुकूमशहांची रांग आहे. फिलिपिन्सचे मार्कोस, मग नायजेरियाचे सानी अबाचा. 1998 मध्ये अबाचा वारले आणि त्यांच्या कुटुंबाने देशाच्या तिजोरीतून काढलेला पैसा युरोपातल्या, विशेषतः स्विस बँकांत सापडू लागला. 2001 मध्ये बँकांवरच्या देखरेखीसाठी असलेल्या बाझेल समितीच्या दस्तऐवजात 'राजकीयदृष्ट्या उघड्या व्यक्ती' आल्या, 2003 मध्ये गाफीच्या शिफारशींत, आणि 2005 मध्ये युरोपीय संघाच्या तिसऱ्या निर्देशात. फ्रान्सने तो निर्देश 2009 मध्ये आपल्या कायद्यात उतरवला. त्या मजकुरात एक साधी अट होती: ही व्यक्ती फ्रान्सबाहेर राहणारी असावी. म्हणजे आफ्रिकेतला मंत्री उघडा, दक्षिण अमेरिकेतला सेनापती उघडा; पॅरिसमध्ये राहणारा फ्रेंच मंत्री मात्र पूर्ण झाकलेला. फ्रान्समध्ये राहणाऱ्यांपैकी राजकीयदृष्ट्या उघडं कोण, असं तेव्हा विचारलं असतं तर कायद्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: पेर्सोन.

त्या शब्दाची परीक्षा लवकरच झाली. जेरोम काउझाक हे अर्थसंकल्प खात्याचे मंत्री. करबुडव्यांना पकडणं हे त्यांचंच काम. 2012 च्या डिसेंबरात 'मेदियापार' या ऑनलाइन वृत्तपत्राने त्यांचं परदेशात गुप्त खातं असल्याचं उघड केलं. त्यांनी संसदेत उभं राहून नाकारलं, 19 मार्च 2013 ला राजीनामा दिला आणि 2 एप्रिलला कबुली दिली. पुढे करचुकवेगिरी आणि ब्लांशिमाँ या दोन्हींबद्दल त्यांना शिक्षा झाली. त्याच वर्षी फ्रान्सने लोकप्रतिनिधींच्या मालमत्तेची विवरणपत्रं तपासणारं उच्च प्राधिकरण आणि आर्थिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र अभियोक्ता कार्यालय उभं केलं. बँकांच्या यादीतली देशाबाहेरची अट गळायला मात्र आणखी तीन वर्षं लागली. 2015 च्या चौथ्या युरोपीय निर्देशाने देशी-परदेशी हा भेद मिटवला, फ्रान्सने डिसेंबर 2016 च्या अध्यादेशाने तो स्वीकारला आणि 2018 च्या हुकुमाने तपशील भरले. पाचव्या निर्देशाने प्रत्येक देशाला आपली नेमकी पदं कळवायला सांगितली. फ्रान्सने ती 2023 मध्ये जाहीर केली. रोममध्ये सार्वजनिक सूचना आणि नावं पांढऱ्या रंगवलेल्या फळ्यावर लिहीत. त्या फळ्याला 'अल्बुम' म्हणत, आणि सिनेट सभासदांच्या यादीलाही तेच नाव होतं. आपण लग्नाच्या फोटोंना अल्बम म्हणतो, पण शब्दाच्या दृष्टीने खरा अल्बम ही असली यादी.

'एक्स्पोझे' हा नेमका शब्द. लॅटिन 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणं. एक्स्पोझे म्हणजे बाहेर मांडून ठेवलेलं. दक्षिणेकडे तोंड असलेला द्राक्षमळा दक्षिणेला 'एक्स्पोझे' असतो. चित्र प्रदर्शनात एक्स्पोझे असतं. जन्मल्याबरोबर टाकून दिलेलं मूल एक्स्पोझे असतं. 1848 पर्यंत तर 'एक्स्पोझिसियों प्युब्लिक' ही एक शिक्षाच होती. गुन्हेगाराला बाजाराच्या चौकात खांबाशी उभा करत आणि वर पाटी लावत, तिच्यावर त्याचं नाव आणि गुन्हा लिहिलेला. 12 एप्रिल 1848 ला ती रद्द झाली. खांबाशी बांधलेला माणूस सोडला, तर या सगळ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे: जो एक्स्पोझे आहे, त्याने स्वतः काही केलेलं असेलच असं नाही. ऊन कुठून यायचं ते मळा ठरवत नाही. कायद्याला नेमकं हेच म्हणायचं आहे. मूळ कलमात 'राजकीयदृष्ट्या उघडी' असे शब्दही नाहीत. तिथे आहे 'आपल्या राजकीय, न्यायिक किंवा प्रशासकीय कामामुळे विशेष जोखमींना उघडी पडलेली व्यक्ती'. आरोप नाही, संशय नाही, फक्त जागा सांगितली आहे. इंग्रजीतून 'एक्सपोज' हा शब्द भांडाफोडीच्या अर्थाने आपल्या कानांत बसल्यामुळे आपल्याला तो आरोप वाटतो.

आणि चुकीचा शब्द म्हणजे 'पोलितिकमाँ'. यादी वाचली की कळतं. राष्ट्रप्रमुख, मंत्री, खासदार, पक्षाच्या कार्यकारिणीतले लोक इथपर्यंत ठीक. पण पुढे सर्वोच्च न्यायालयांचे न्यायाधीश आहेत, लेखापरीक्षण न्यायालयाचे सदस्य आहेत, मध्यवर्ती बँकेचे संचालक आहेत, राजदूत आहेत, सैन्याचे सेनानी आहेत, सरकारी कंपन्यांचे संचालक आहेत, आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रमुख आहेत. यातल्या बहुतेकांना 'राजकीय' म्हटलं तर ते अब्रुनुकसानीचा दावा करतील, आणि न्यायाधीशाने तर करावाच. स्पेनच्या कायद्याने हा घोळ टाळला: तिथे शब्द आहेत 'सार्वजनिक जबाबदारी असलेल्या व्यक्ती'. चार शब्दांत काम झालं आणि कोणाचा अपमान झाला नाही. फ्रेंचांसारख्या शब्दांविषयी हळव्या लोकांनी स्पॅनिशांकडून एवढं तरी घ्यायला हवं होतं.

माणूस यादीत आला की बँकेने करायचं काय? खातं उघडायचं की नाही याचा निर्णय वरिष्ठांनी घ्यायचा, व्यवहारांवर जास्त नजर ठेवायची, आणि त्याच्या मालमत्तेचा व पैशाचा उगम विचारायचा. आपल्याकडे सांगितलं आहे की नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. फ्रेंच कायदा बँकेला दोन्ही विचारायला लावतो. मूळ म्हणजे पैसा कुठून आला ते. या बाबतीत फ्रेंचांची स्वतःची म्हणच कायद्याच्या दारात उभी आहे. वाईट मार्गाने मिळवलेलं धन कधी लाभत नाही, अशी ती म्हण. तिच्यातले पहिले तीन शब्द, 'ब्यां मालाक्की', हे आज परदेशी सत्ताधीशांनी फ्रान्समध्ये दडवलेल्या संपत्तीच्या खटल्यांचं रूढ नाव झालं आहे. इक्वेटोरियल गिनीचे उपाध्यक्ष तेओदोरीन ओबियांग यांच्या पॅरिसच्या अव्हेन्यू फॉशवरच्या हवेलीचा आणि आलिशान मोटारींचा खटला त्यातलाच. 2017 मध्ये ते दोषी ठरले आणि 2021 मध्ये सर्वोच्च पातळीवर निकाल कायम झाला. तेव्हा म्हण निदान एकदा तरी खरी ठरली.

कूळ म्हणजे नातेवाईक. यादीत पती किंवा पत्नी आहे, नोंदणीकृत जोडीदार आहे, मुलं आणि त्यांचे जोडीदार आहेत, आईवडील आहेत. शिवाय 'कोंक्युबां नोत्वार' आहे: लग्न न करता सोबत राहणारा आणि ही गोष्ट चारचौघांना माहीत असलेला जोडीदार. चारचौघांना माहीत नसेल तर बँकेलाही माहीत असण्याची सक्ती नाही. फ्रेंच सभ्यता अशी कलमाकलमांतून पाझरते. भाऊबहीण या यादीत आजवर नव्हते. मराठी वाचकाला आणखी एक उणीव लगेच दिसेल: यादीत व्याही नाहीत. फ्रेंच भाषेत व्याह्याला धड एक शब्द नाही, मग कायद्यात तो कुठून यायचा? आपल्याकडे हा कायदा लिहिला गेला असता तर व्याही पहिल्या पाचांत असता.

पद सोडल्यावर फ्रान्समध्ये हे उघडेपण एक वर्ष टिकतं. भाषेचा हिशेब वेगळा आहे. तिथे माजी मंत्र्यालाही शिष्टाचाराने आयुष्यभर 'मंत्रिमहोदय' म्हणायची रीत आहे, जशी आपल्याकडे दोनदा पडलेल्या आमदारालाही 'आमदारसाहेब' म्हणायची. आपला 'माजी' अरबीतून फारशीच्या वाटेने आला, अर्थ 'होऊन गेलेला'. पण साहेब कधी होऊन जात नाही. जोखीम मात्र बरोबर एका वर्षात संपते असं समजणारा कायदा जरा भोळाच आहे, कारण मंत्रिपदातली कमाई घरी यायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

आता नव्या बदलाकडे. 31 मे 2024 च्या युरोपीय नियमाने, क्रमांक 2024/1624, ही सगळी चौकट नव्याने लिहिली आहे. आजवर युरोपचा निर्देश येई आणि प्रत्येक देश तो आपल्या भाषेत, आपल्या कायद्यात उतरवून घेई. या नियमाला उतरवून घ्यावं लागत नाही. तो जसाच्या तसा लागू होतो. त्यात दोन वाढी लक्षणीय आहेत. सर्वोच्च पदांवरच्या व्यक्तींचे भाऊबहीण यादीत आले, आणि किमान 50,000 वस्तीच्या गावांचे, शहरांचे, प्रदेशांचे प्रमुख आले. म्हणजे फ्रान्समधल्या मोठ्या शहरांचे 'मेर', आपले महापौर. फ्रान्समध्ये मेर म्हणजे मानाचं फीत कापणारं बाहुलं नव्हे. बांधकामाचे परवाने, जागा, कंत्राटं त्याच्या सहीने हलतात. पैशाच्या वाटेवर तो मंत्र्यापेक्षा जवळ उभा असतो, तरी केवळ मेर म्हणून तो यादीत नव्हता. व्युत्पत्ती पाहिली तर हा अन्याय आणखी खुलतो. 'मेर' आला लॅटिन 'मायोर'वरून, म्हणजे थोरला. 'मिनिस्त्र' आला 'मिनुस'वरून, म्हणजे कमी. मंत्री म्हणजे मुळात हाताखालचा, सेवक. धाकटा इतकी वर्षं यादीत होता आणि थोरला बाहेर. 2024 ला कायद्याने लॅटिनच्या हिशेबातली आपली चूक दुरुस्त केली म्हणायची.

यादी वाढली की तक्रारीही वाढतात. बँका कर्ज द्यायला, खातं उघडायला टाळाटाळ करतात, बायकोला आणि सज्ञान मुलांनाही कागद मागतात, अशी फ्रेंच खासदारांची जुनी कुरकुर आहे. तिच्यात तथ्य आहे. कायदा जास्त दक्षता घ्यायला सांगतो, बँक त्याचा सोयीस्कर अर्थ 'गिऱ्हाईकच नको' असा लावते. ओळख पटवून दारातून आत जाण्याला फ्रेंचमध्ये 'पांढरा पंजा दाखवणे' म्हणतात. ला फोंतेनच्या कथेत शेळीचं करडू दाराबाहेरच्या लांडग्याला पंजा दाखवायला सांगतं, आणि लांडग्याचा पंजा पांढरा नसतो. दुसऱ्या बाजूला, ज्याला सगळे ओळखतात तो माणूस 'पांढऱ्या लांडग्यासारखा प्रसिद्ध'. खासदारांची अडचण नेमकी इथे आहे: ते पांढरे लांडगे आहेत आणि त्यांच्याकडे पांढरा पंजा मागतात.

बँकेला शंका आली तर तिने ट्रॅकफिनकडे 'देक्लारासियों द सुप्सों' पाठवायचं, संशयाचं निवेदन, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. 'सुप्सों' हा शब्द फ्रेंच स्वयंपाकघरातही आहे. चहात सुप्सोंभर दूध म्हणजे दूध आहे अशी शंका यावी इतकंच. दंडसंहितेला पुरावा लागतो; इथे चमचाभर पुरतो. आणि बँकेच्या कर्तव्याचं नाव 'विजिलांस', लॅटिनमधून आलेलं, अर्थ जागं राहणं. त्याला आपल्याकडे जोडीला सुरेख शब्द आहे, 'जागल्या'. गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या. गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसालाही मराठी पत्रकार हल्ली हाच शब्द लावतात, ते मला फार आवडतं.

हा सगळा फ्रान्सचा मामला आपल्या दारापर्यंत येतो तो अर्जाच्या रूपाने. म्युच्युअल फंडाच्या किंवा डिमॅट खात्याच्या अर्जात 'आपण राजकीयदृष्ट्या अमुक व्यक्ती आहात का, किंवा अशा व्यक्तीशी संबंधित आहात का' असा प्रश्न असतो आणि आपण सगळे वाचल्यासारखं करून 'नाही'वर खूण करतो. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत ही व्यक्ती म्हणजे परदेशाने ज्याच्यावर महत्त्वाचं सार्वजनिक काम सोपवलं आहे ती. फ्रान्स 2016 पर्यंत साधारण जिथे होता, तिथे आपण आज आहोत. त्यामुळे महाराष्ट्रातला एखादा खासदार मुंबईतल्या बँकेत या व्याख्येत बसत नाही. पॅरिसच्या बँकेत त्याने खातं उघडायचं म्हटलं तर सहकुटुंब बसतो. गाफीने 2024 मध्ये भारताचं मूल्यमापन केलं तेव्हा या उणिवेवर बोट ठेवलं होतं. आज ना उद्या व्याख्या बदलेल आणि तेव्हा मराठी अर्जात एक शब्द लागेल.

'राजकीयदृष्ट्या उघड व्यक्ती' हा शब्द नको. एक तर फ्रेंचांची 'राजकीय'ची चूक आपण विकत घेऊ, आणि दुसरं म्हणजे मराठीत उघडा म्हणजे अंगावर कपडे नसलेला किंवा बिंग फुटलेला. आपल्याकडे 'जोखीम' आहे. जोखीम म्हणजे धोका, आणि जोखीम म्हणजे सोनंनाणं, मौल्यवान ऐवजसुद्धा. प्रवासात अंगावर जोखीम नको, असं घरची मोठी माणसं सांगतात तेव्हा ती दागिन्यांविषयी बोलत असतात. ऐवज आणि धोका एकाच शब्दात बांधणारी भाषा बँकेच्या या अर्जासाठीच घडवल्यासारखी आहे. फ्रेंच कलमाचा मूळ मजकूर पाहिला तर त्यातही दोनच गोष्टी आहेत, पद आणि जोखीम. म्हणून माझी सूचना 'जोखमीचे पदस्थ' अशी आहे. न्यायाधीश त्यात बसतो, राजदूत बसतो, महापौर बसतो, आणि कोणावर आरोपही होत नाही. नवा युरोपीय नियम 10 जुलै 2027 पासून लागू होईल. तोवर कोणाला याहून नेमका शब्द सुचला तर त्यांनी जरूर कळवावा. फक्त त्यात 'राजकीय' नसावा.